प्रकाशाचा विवेक

मराठीत ‘डोळस’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. ज्याला दिसते तो डोळस, आणि काय घ्यावे व काय टाकावे हे ज्याला कळते तोही डोळस. हे दोन अर्थ एकाच शब्दात बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांना बहुधा असे वाटले असावे की, एकदा दिसू लागले की कळू लागतेच. अनुभव तसा नाही. उत्तम दृष्टीची माणसे आयुष्यभर आंधळेपणाने वागताना आपण पाहतो. डोळ्याच्या कर्करोगावर सध्या एक नवी चिकित्सा घडत आहे. तिच्याविषयी वाचताना मला या जुन्या घोटाळ्याची पुन्हा पुन्हा आठवण होते. रोगी पेशी कोणती आणि निरोगी कोणती हा भेद ती ओळखते, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. भेद ओळखणे यालाच आपल्याकडे विवेक म्हणतात. मग हा विवेक नेमका कोणाचा?

प्रथम ही चिकित्सा समजून घेऊ. डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांनी भरलेला एक रंगीत थर असतो. त्या थरात प्रौढ वयात मेलॅनोमा नावाचा कर्करोग उद्भवतो. गोऱ्या कातडीच्या व फिक्या डोळ्यांच्या लोकांत तो अधिक; आपल्याकडे विरळा. त्यासाठी अमेरिकेत एक औषध तयार झाले आहे. त्यात पॅपिलोमा विषाणूसारखे पोकळ कवच वापरतात. आत विषाणूचे बीज नसते, म्हणून त्यापासून रोग होत नाही. हे कवच साधारण ५५ नॅनोमीटर रुंदीचे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. असे सुमारे १८,००० कण ओळीने मांडावेत तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल. या कवचाला प्रकाशाने जागा होणारा एक रंग जोडलेला असतो. कण डोळ्यात टोचले की ते गाठीच्या पेशींना जाऊन चिकटतात. मग सुमारे ६९० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर त्या जागी टाकतात. रंग जागा होतो आणि ज्या पेशीला तो चिकटला असेल तिचे आवरण फुटते. हे औषध तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोहोचले आहे.

प्रकाशाने डोळ्यातील गाठ नष्ट करण्याची कल्पना मात्र याहून जुनी. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, असे आपल्या घरातील म्हातारी माणसे सांगत आली. १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर गेर्हार्ड मायर-श्विकेराथ या जर्मन नेत्रवैद्याने तसे भाजलेले पडदे पाहिले, आणि त्याच्या मनात आले की, जो प्रकाश नको तेथे भाजतो, त्याला हवे तेथेच भाजायला का लावू नये? त्याने आरशांनी प्रत्यक्ष सूर्यकिरण डोळ्यात नेला. पुढे कार्बनची कमान आणि नंतर झेनॉनचा दिवा वापरला, आणि फाटलेल्या पडद्यांबरोबर काही गाठीही जाळल्या. १९६० मध्ये लेसर आला आणि हे काम अधिक बारकाईने होऊ लागले. पण भाजणारा प्रकाश आपपर पाहत नाही. गाठीशेजारचा चांगला पडदाही त्यात जातो.

नव्या रीतीतील गंमत अशी की, तिच्यात दोन्ही पक्ष निरुपद्रवी असतात. अंधारात तो कण काही करीत नाही. त्या मंद किरणानेही एकट्याने काही भाजत नाही. दोघे एके ठिकाणी भेटले म्हणजेच मृत्यू घडतो. कादंबरीकाराला ही रचना मोह घालील अशीच आहे. कारण माणसांच्या आयुष्यातील कितीतरी अनर्थ असेच, दोन निरपराधांच्या गाठीभेटीतून घडतात. परंतु या मोहातच धोकाही आहे. कण चिकटतो तो रसायनाच्या ओढीने, आणि किरण सरळ जातो तो आपल्या स्वभावाने. किरण कोठे टाकायचा, किती वेळ टाकायचा, की मुळीच टाकायचा नाही, हे ठरवणारा वैद्य असतो. कणाजवळ असतो तो नेमकेपणा. नेमकेपणा हा हत्याराचा गुण आहे. विवेक हा हत्यार धरणाऱ्याचा.

विवेक म्हणजे काय, याचे एक उदाहरण याच रोगाच्या इतिहासात सापडते. मेलॅनोमा झाला की डोळा काढायचा, ही पूर्वापार रीत. पुढे डोळ्याला किरणोत्सर्गी आयोडीनची चकती काही दिवस शिवून ठेवण्याचा उपाय निघाला. डोळा राखल्याने जीव धोक्यात येतो का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून १९८७ ते १९९८ या काळात अमेरिका व कॅनडा येथील मध्यम आकाराची गाठ असलेल्या १,३१७ रोग्यांनी आपला डोळा काढायचा की राखायचा, हा निर्णय चिठ्ठीवर सोपवायला संमती दिली. ज्याच्या वाट्याला जे आले ते बहुतेकांनी स्वीकारले. २००१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत डोळा काढलेल्यांपैकी शेकडा १९ आणि राखलेल्यांपैकी शेकडा १८ दगावले होते. म्हणजे डोळा देऊन आयुष्य वाढत नव्हते. पण राखलेला डोळाही पुष्कळदा नावापुरता उरे. तीन वर्षांनी शंभरांतील ४३ डोळ्यांची दृष्टी ६/६० किंवा त्याहून मंद झाली होती. या ४३ डोळ्यांसाठीच नव्या प्रकाशाचा शोध चालला आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे.

त्या १,३१७ जणांचा मला राहून राहून विचार करावासा वाटतो. आपल्याला माहीत नाही हे वैद्याने कबूल केले, आणि त्या अज्ञानाच्या काठावर रोगी डोळे उघडे ठेवून उभा राहिला. यात नेमकेपणा तिळमात्र नव्हता, चिठ्ठीच होती ती. तरी विवेक पुरेपूर होता.

आता दुसरी बाजू. लहान मुलांना डोळ्याचा एक निराळाच कर्करोग होतो, रेटिनोब्लास्टोमा. बहुधा पाच वर्षांच्या आतच. अंधारात मांजराचे डोळे चमकतात तशी पांढरी झाक मुलाच्या बाहुलीत दिसते. कित्येकदा ती प्रथम छायाचित्रातच ध्यानात येते. आपल्या देशात दरवर्षी हजाराहून अधिक मुलांना हा रोग होतो. वेळीच उपचार झाले तर बहुतेक मुले वाचतात. सधन देशांत शेकडा ९५ हून अधिक वाचतात. लहान गाठींवर औषधे आहेत, थंड उपचार आहेत, लेसरही आहे. पण गाठ वाढली असेल तर डोळा काढावा लागतो. आणि येथे आपले आईबाप नकार देतात. येथील वैद्यांनी हे वारंवार नोंदवले आहे. कोणी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, कोणी झाडपाल्याकडे, कोणी देवाकडे. काही महिन्यांनी ते मूल परत येते तेव्हा रोग डोळ्याबाहेर पडलेला असतो.

नॅनोकणांचे प्रयोग या रोगावरही चालू आहेत, पण मुलांसाठी तो रूढ उपचार झालेला नाही. अशा वेळी ‘आता प्रकाशाने कर्करोग जातो’ ही अर्धी बातमी एखाद्या बापाच्या कानी पडली तर तो काय करील? तो थांबेल. पुत्रप्रेमाने आंधळा झालेला धृतराष्ट्र आपल्याला कथेत सहज ओळखता येतो. दवाखान्याच्या बाकावर बसलेला ओळखता येत नाही. एक डोळा वाचवण्याच्या आशेने आख्खे मूल हातचे जाते, आणि आशा तर खोटीही नसते. ती त्या मुलासाठी फक्त अवेळी आलेली असते.

‘शिर सलामत तर पगडी पचास’ असे त्या बापाला सांगणे सोपे आहे. पण डोळा म्हणजे पगडी नव्हे, दुसरा मिळत नाही. शिवाय त्याची भीती निव्वळ वेड्या मायेची नसते. मी शाळामास्तर आहे. व्यंग असलेल्या मुलाला वर्गात पहिल्याच दिवशी कोणते नाव पडते, ते मला ठाऊक आहे. मुलगी असेल तर बाप तिच्या पाळण्याशेजारी उभा राहून तिच्या लग्नाचा विचार करतो. त्याच्या नकारात आपल्या सर्वांची नजर मिसळलेली असते. डोळा काढू देण्याचे धैर्य त्याने एकट्याने कोठून आणावे? काचेचा डोळा लावलेल्या मुलीकडे आपण साध्या नजरेने पाहू लागलो, तर काही बापांचा होकार आजच लवकर येईल. त्यासाठी कोणत्याही चाचणीचा निकाल लागायला नको.

नव्या प्रकाशाचे मी मनापासून स्वागत करतो. ज्यांच्यासाठी तो वेळेवर येईल त्यांची दृष्टी राहो. परंतु त्याची खरी परीक्षा तो किती डोळे वाचवतो एवढ्यावर संपत नाही. ज्या मुलाचा डोळा वाचणार नाही, त्याच्या बापाला ते स्पष्ट आणि वेळेवर सांगणारा वैद्य, ते ऐकून घेणारा बाप, आणि नंतर त्या मुलाला आपल्यात सामावून घेणारा गाव, हे तिघे त्या प्रकाशाबरोबर यावे लागतील. कणाला गाठ ओळखायला शिकवता आले. काय द्यावे आणि काय राखावे, हे ओळखणे अजून आपल्याकडेच आहे.