मुंबई सोडायची, पण कुठपर्यंत?

मुंबईला कंटाळलेला मराठी माणूस शेवटी गावी जातो, अशी आपली पक्की समजूत आहे. निवृत्तीच्या समारंभात तो स्वतःही तसेच सांगतो. जनगणनेचे आकडे मात्र वेगळे बोलतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. अडीच लाख माणसे कमी झाली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा घटला, सिंधुदुर्गही घटला. वाढला तो ठाणे जिल्हा. पालघर तेव्हा त्यातच होते. तो ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. ठाण्यातली सगळी भर मुंबईतून गेलेल्यांची नाही, हे उघड आहे. पण परळ-लालबाग-नायगावातल्या कुठल्याही चाळीत चौकशी करा. एक भाऊ डोंबिवलीला, एक विरारला, बहीण बदलापूरला दिलेली, हेच ऐकू येते. आपण मुंबई सोडतो आणि गावाला पोचतच नाही.

मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे की, मुंबई सोडायची तर पुरती सोडावी, नाहीतर सोडू नये. घर बदलापुरात आणि नोकरी परळमध्ये, हे शहर सोडणे नव्हे. शहराला रोज चार तास जास्तीचे देणे आहे ते.

हा प्रश्न नायगावात आजच का उभा राहिला, हे सांगायला हवे. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे कामगारांसाठी चाळी उठवल्या. त्या बीडीडी चाळी. नायगावात अशा ४२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. या खोल्यांत शंभर वर्षे माणसे जन्मली, शिकली, म्हातारी झाली. आता म्हाडाकडून पुनर्विकास चालू आहे आणि प्रत्येक पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे घर मोफत आणि मालकी हक्काने मिळायचे आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्यासुद्धा. जिथे शंभर वर्षे फक्त भाडेपावती होती, तिथे एकदम मालमत्ता आली. त्याबरोबर घरोघरी कागद-पेन आले.

असा एक कागद मी जवळून पाहिला आहे. शाळेच्या वहीचे मधले पान. डावीकडे ‘इथे’, उजवीकडे ‘नायगाव’. हे दुसरे नायगाव वसईच्या खाडीपलीकडचे, पश्चिम रेल्वेवरचे. डावीकडे लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचा मेन्टेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, क्लासची फी. उजवीकडे रेल्वेचा पास, शेअर रिक्षा, स्वस्त भाजी, आणि इथले घर भाड्याने दिल्यावर दर महिन्याला येणारी रक्कम, तिच्याखाली दोन रेघा. हिशेब चोख होता. नवरा-बायको दोघे पलंगाच्या कडेला बसून तो पुन्हा पुन्हा तपासत होते. सासूबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “आणि माझं केईएमचं काय करणार रे?” मुलगा म्हणाला, “आई, तिकडेही दवाखाने आहेत.” “असतील. पण तिकडे मला एकटीला जाता येईल का?”

त्या पानावर या प्रश्नाला जागा नव्हती. नायगावातून केईएम, टाटा, वाडियाचे मुलांचे रुग्णालय, सगळे परळमध्ये, बसने काही थांब्यांवर. सत्तरीची बाई केसपेपरची पिशवी घेऊन, कुणाची रजा न काढता, स्वतः जाऊन येते. नातू शाळेतून पायी घरी येतो. त्याची आई कामावरून येईपर्यंत शेजारच्या खोलीत खातो, अभ्यास करतो. पुढे परीक्षेच्या दिवसांत तो मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापर्यंत चालत जाऊ शकतो, कारण त्याचा संदर्भ विभाग नायगावातच आहे. यातली कुठलीच गोष्ट चौरस फुटांत बसत नाही, म्हणून ती कागदावर येत नाही. आणि कागद लिहितो बहुधा तो, जो सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला येतो, ज्याचा दिवस वस्तीत जातच नाही.

स्थलांतराचा निर्णय घरातल्या त्या माणसाने घ्यावा, ज्याचा दिवस वस्तीत जातो, असे माझे ठाम मत आहे. पुरुषांना हे पटवणे अवघड जाते, कारण पैसा त्यांच्या नावावर असतो. नोकरी करणाऱ्या बाईला ते लगेच कळते. दादरहून विरारकडे जाणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात भाजी निवडत, मुलाला फोनवर गृहपाठ सांगत उभ्या असलेल्या बायका पाहिल्यावर त्या घराची खरी किंमत कोण भरते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, सीएसएमटी ते बदलापूर ६८. बसायला जागा मिळावी म्हणून लोक आधी उलटे जातात आणि मग येतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मेले. ते सगळे कुठल्या ना कुठल्या हिशेबाच्या उजव्या बाजूला राहायला गेलेल्या घरांतले असणार.

यावर हमखास उत्तर येते: आमच्या आजोबांनी तर अर्धे घर गावाला ठेवून अख्खा जन्म काढला. खरे आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीचे गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत दहा-पंधराजण मिळून राहत, खानावळीत जेवत, पहिल्या आठवड्यात मनिऑर्डर करत. पण तेव्हा ते अर्धे राहणे कोणाच्या जिवावर चालले? गावात मागे राहून शेती, म्हातारे आणि मुले सांभाळणाऱ्या बायकांच्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येकांना पुन्हा गिरणी दिसली नाही. खोल्या विकून जे तेव्हा गेले, त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. त्यांच्याबद्दल निवाडा करण्याचा कोणालाच अधिकार नाही. आज ज्याच्यापुढे पर्याय आहे, त्याने त्या सक्तीच्या वाटेला परंपरा समजू नये.

पुरते सोडणे म्हणजे काय, याचे एक बरे उदाहरण जपानात आहे. टोकियोतली गर्दी कमी व्हावी म्हणून तिथले सरकार शहराबाहेर जाणाऱ्या कुटुंबांना पैसे देते. २०२३ पासून त्यात दर मुलामागे दहा लाख येनपर्यंत भर पडते. पण अटी आहेत. नव्या ठिकाणी किमान पाच वर्षे राहायचे, आणि घरातल्या कोणीतरी तिथेच नोकरी करायची, धंदा काढायचा किंवा जुने काम तिथूनच करायचे. घराबरोबर पोट हलले तरच ते स्थलांतर, हे त्या सरकारला उमगले आहे.

आपल्याकडे उलट चालले आहे. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले, आणि कामगारांच्या वारसांना मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीची घरे पुढे करण्यात आली. तिथे त्यांच्यासाठी काम नाही. काम पुन्हा मुंबईतच. त्या घरांना नकार देऊन ‘मुंबईतच घर द्या’ म्हणणाऱ्या कामगारांना हट्टी म्हटले गेले. मला ती मागणी शंभर टक्के रास्त वाटते.

मग कोकणातच का जाऊ नये? जरूर जावे, ज्याला जमेल त्याने. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण धावते आहे, दादरला रात्री बसलेला माणूस सकाळी गावच्या स्टेशनावर उतरतो. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी नायगावकर असे गेले, पडवीत बसून ऑफिसचे काम करू लागले, आणि ऑफिसने बोलावले तसे परतले. परतले, यात दोष त्यांचा नाही. सातबारावर आजोबांपासूनची सामाईक नावे, घराची दुरुस्ती म्हटली की भावकीची संमती, वानरांनी फस्त केलेली परसबाग, पटसंख्या घटलेली शाळा. मोठे दुखणे आले तर सिंधुदुर्गातला माणूस आजही गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाची वाट धरतो. गावी जाणारा या सगळ्याची तयारी करून जावा: आधी वाटणीपत्र, आधी तिथला धंदा किंवा लेखी परवानगी असलेले घरून काम, मग ट्रक. तसे गेलेली माणसे टिकतात. निसर्गाच्या ओढीने गेलेली दुसऱ्या पावसाळ्यात परततात.

नायगावात जी घरे किल्लीची वाट पाहत हा निर्णय पुढे ढकलत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. कागद पुन्हा घ्या आणि या खेपेला तो आईच्या किंवा सुनेच्या हाती द्या. नोकरी इथेच राहणार असेल तर ५०० फुटांत दाटीने राहा, मेन्टेनन्ससाठी दुसरे खर्च आवळा, पण घर हलवू नका. नोकरी हलत असेल तर खुशाल जा, आणि जाण्याआधी ते गाव किंवा ती वसाहत पाहायला जुलैत जा, सगळ्यांना घेऊन, कामाच्या दिवशी.