आतले माणिक



१९५३ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या मनगटावर हिऱ्यांनी मढवलेले एक चिमुकले घड्याळ होते. त्याचे यंत्र प्रथम १९२९ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. वजन जेमतेम एक ग्रॅम! दागिन्याची शोभा बिघडू नये म्हणून चावीसुद्धा पाठीमागे लपवलेली.

हिरे सर्वांना दिसले. पण अशा घड्याळाच्या आत, चाकांचे आस जिथे घासतात, तिथे बारीक माणके बसवलेली असतात. घर्षण ती सोसतात.

मग हिरे मिरवणे पाप आहे का? नाही. सौंदर्य हे देवाचेच दान आहे. मात्र हिरे काढले तरी घड्याळ चालेल. माणके काढली तर थांबेल.

आपल्या धर्मग्रामातही अशी माणके आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून, जमिनीच्या वादात आधी नमते घेणारा भाऊ, मिस्सानंतर मागे राहून चर्च झाडणारी बाई. सणाच्या दिवशी आभार मानताना त्यांचे नाव राहून जाते.

आज घरी जाताना स्वतःला विचारू या : माझ्या घरात घर्षण कोण सोसते? आणि ते थोडे माझ्यावर घ्यायला मी तयार आहे का? कोणी पाहिले नाही, तरी पिता पाहतो.