पेरलेला दाणा



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. कित्येकांना एकत्रच अग्नी दिला गेला. ज्यांची कबर नाही, त्यांचे पुनरुत्थान कसे होणार, असा प्रश्न आपल्या मनात येतो.

संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात बीजाचे उदाहरण देतात. रब्बीत आपण ज्वारी पेरतो. काढणीला तोच दाणा शोधत नाही. दाणा मातीत संपतो, कणीस भरते. आपला मर्त्य देहही असाच पालटेल. अग्नीने देवाचे सामर्थ्य अडत नाही. म्हणूनच ख्रिस्तसभेने १९६३ साली दहनास मुभा दिली.

नोव्हेंबरात आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्ती लावताना, ज्यांना कबर लाभली नाही त्यांच्यासाठीही प्रार्थना करू या. देव त्यांना नावाने ओळखतो. आमेन.