रेडिओचा कान

वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ गेल्या वर्षीं मीं दुरुस्तीस काढला. व्हॉल्व्ह शाबूत होते. बिघडला होता तो व्हॉल्यूम कंट्रोल. त्याच्या पोटांत कोळशाच्या लेपाची कमानदार पट्टी असते व तिच्यावरून धातूचें बोट फिरतें. वर्षानुवर्षांच्या घर्षणानें पट्टी झिजली, कीं कान पिळतांच खरखर सुरू होते. पांच लक्ष ओहमचा नवा कंट्रोल बाजारांत सहज मिळतो. परंतु जुन्याच्या पाठीशीं चालू-बंद करण्याची कळही जोडलेली होती, आणि नव्याच्या दांड्यावर जुनी बेकेलाइटची खुंटी बसेना.

दुकानदारानें तोड सुचविली: तशाच दुसऱ्या एका रेडिओचा कंट्रोल काढून द्यावयाचा. तो रेडिओ मात्र चांगला गात होता! त्याला वाली नव्हता, हें खरें. पण तेवढ्यानें त्याचा कान कापून माझ्याला लावण्याचा अधिकार मला पोंचतो काय?

थीसिअसच्या नौकेची गोष्ट प्लुटार्कनें सांगितली आहे. जुन्या फळ्या बदलीत गेल्यावर नौका तीच राहिली काय, असा तत्त्वज्ञांचा वाद. वर्गांत मीं तो पुष्कळदां रंगविला आहे. आतां तो मला अपुरा वाटतो. नव्या फळ्या कोठून आणल्या, हें त्यांत कोणी पुसत नाहीं.

शेवटीं नवाच कंट्रोल बसविला, दांडा कानशीनें घासून खुंटीजोगा केला, आणि मागील झांकणाच्या आंत बदलाची तारीख लिहून ठेविली. रेडिओ बंद करण्यास मात्र आतां भिंतीपर्यंत उठून जावें लागतें.