न खेळलेल्या सामन्यांची विक्री

आपल्या शेतातील भात कोणी विकला, तर त्यास आमची हरकत नाही. परंतु शेजाऱ्याने भात पिकवूच नये अशी तजवीज करून त्याने आपला भाव वाढवून घेतला, तर? भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क विकताना नेमके हेच केले. सामन्यांबरोबर त्याने एक वचनही विकले : दहा वर्षे वीस षटकांच्या दुसऱ्या कोणत्याही व्यावसायिक देशी स्पर्धेस आपण मान्यता देणार नाही.

हा वर्चस्वाचा गैरवापर होय, असे ठरवून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ साली मंडळास ५२.२४ कोटी रुपये दंड केला. बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून अपील न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तो रद्द केला. (बलाढ्यालाही न्याय हवाच.) २०१७ मध्ये आयोगाने तेवढाच दंड पुन्हा ठोठावला.

धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवी आज्ञा शिकताना चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू उचलणे, एवढेच आम्हांस उमगले होते. येथे तर कोणाची वस्तू गेली नाही. गेली ती कधीच न उभ्या राहिलेल्या संघातील एखाद्या तरुणाची संधी, आणि आपले काही गेले हे त्याला ठाऊकही नाही. चोरी केली असेल, तर प्रायश्चित्त संस्कारानंतरही भरपाईचे कर्तव्य उरते, असे आपली ख्रिस्तसभा शिकवते. ही भरपाई कोणाच्या हाती द्यावयाची?