सामायिक काळ

संगणकीय खेळांच्या इतिहासाकडे पाहताना मला नवल वाटते ते याचे, की त्यांच्या उगमाशी एकांत नव्हता. १९६२ साली एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी पीडीपी-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ रचला, तेव्हा ताऱ्याच्या ओढीत सापडलेली ती दोन चिमुकली याने चालवायला दोन जिवंत माणसेच लागत. १९७२च्या ‘पाँग’लाही शेजारी कुणीतरी उभे असावे लागे. अशा वेगवान खेळांत प्रतिस्पर्धी होण्याइतके शहाणपण यंत्रापाशी आले ते पुढे, आणि त्याबरोबर आला एकट्याने खेळण्याचा तो निवांत, काहीसा राजस विलास, ज्यात माझ्यासारख्यांची कितीतरी वर्षे गेली. संगत आधीची आणि एकांत नंतरचा, हा क्रम आयुष्याच्या क्रमाशी जुळतो की त्याच्या नेमका उलट आहे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एकट्याच्या खेळात जग खेळणाऱ्यासाठी ताटकळत असते. आपण वळणापाशी पोहोचल्याखेरीज पलीकडचा राक्षस जागा होत नाही. आपण चहाला उठलो तर युद्ध थबकते. आणि ‘सेव्ह’ करून ठेवलेल्या क्षणाकडे परतण्याची सोय तर अशी, की घडलेले न घडलेले करण्याची जी शक्ती ग्रीक विचारवंतांनी देवांनाही नाकारली, ती शाळकरी पोराच्या बोटाखाली येऊन बसते. तिथे पराभव असतो, पण त्याचे ओझे उरत नाही. काळ आपल्या मालकीचा असला की माणूस शूर होतो, कुशलही होतो. सहनशील मात्र होत नाही.

याला एक अपवाद मला फार प्रिय आहे. जॉर्डन मेकनरच्या १९८९च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त राजकन्येपर्यंत पोहोचायला नायकाला साठ मिनिटे मिळतात. आठव्या लेव्हलला तो जाळीच्या दारामागे कोंडला जातो, जिथे उडी, तलवार, चापल्य, सारेच निरुपयोगी. मग राजकन्येने धाडलेला एक पांढरा उंदीर तुरुतुरु येतो, दार उघडणाऱ्या फरशीवर चढतो आणि जाळी वर जाते. खेळणाऱ्याने करायचे ते एवढेच, की घड्याळ पळत असताना स्वस्थ उभे राहायचे. मला तेव्हा त्या उंदराचा रागच यायचा. उपकार करणाऱ्याबद्दल कृतज्ञतेच्या आधी मनात अढी का येते, याचे उत्तर बहुधा त्या ताटकळण्यात असावे.

अनेकांच्या खेळात हे ताटकळणेच मुख्य विद्या होऊन बसते. २०१८ साली ‘पबजी’ मोबाइलवर आला आणि आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर, एसटी स्टँडवरसुद्धा, ‘नॉक झालोय रे, रिव्हाइव्ह दे’ अशी आर्जवे ऐकू येऊ लागली. घायाळ गडी रांगत आडोसा शोधतो, त्याचे प्राण थेंबाथेंबाने ओसरत असतात; साथीदाराने त्याच्यापाशी वाकायचे आणि दहाएक सेकंद हलायचे नाही, गोळी झाडायची नाही. सारी हयात स्वतःच्या वेगाने खेळलेल्या बोटांना हे दहा सेकंद फार जड जातात. नेम तर एकट्यानेही साधलेला असतो. इथे शिकायचे असते ते आपला वेळ, जो कुठेही सेव्ह केलेला नाही, तो दुसऱ्याच्या हवाली करणे, आणि त्याने लगेच पुन्हा नॉक होऊन तो वाया घालवला तरी कपाळाला आठी न घालणे. हे दुसरे मला पहिल्याहून कठीण वाटते.

‘डोटा २’मध्ये पाच जणांच्या चमूत सपोर्ट नावाची भूमिका असते. तो अंधाऱ्या नकाशात एकटाच नदीपलीकडच्या उंचवट्यावर जातो, तिथे वॉर्ड रोवतो आणि परततो. पुष्कळदा परतत नाही. पुढे काही मिनिटे तेवढा मुलूख पाचही जणांना दिसत राहतो. दूर कुठेतरी त्यांचा मुख्य योद्धा शत्रूच्या हालचाली पाहून वेळीच मागे फिरतो, आणि टळलेल्या त्या मरणाची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. मैफलीत गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य मला इथे आठवतो. त्याचा स्वर सतत आहे, म्हणूनच तो कुणाला वेगळा ऐकू येत नाही. मात्र बुवांनी मान किंचित वळवली की त्याला ती जागा उचलावी लागते, आणि त्या एका जागेसाठी तो तासभर कान होऊन बसलेला असतो. एकट्याने खेळणारा प्रवीण असला तरी हे कान होऊन बसणे त्याला कुणी शिकवलेले नसते.

अर्थात माणसे एकत्र आली की माणुसकी आपोआप येते, असे मानण्याचा भाबडेपणा या खेळांत फार काळ टिकत नाही. २०१२च्या ‘जर्नी’ची जन्मकथा यासाठी मला उद्बोधक वाटते. जेनोव्हा चेन यांना वाळवंटातल्या यात्रेत दोन अनोळखी जिवांची भेट घडवायची होती. आरंभीच्या आवृत्त्यांत एकमेकांना ढकलता येत असे. मदतीसाठी दिलेली ती मुभा खेळणाऱ्यांनी सोबत्याला खड्ड्यात लोटण्यासाठी वापरली. चेन यांनी उपदेश केला नाही. त्यांनी धक्काच काढून टाकला. बोलणे नाही, नाव नाही, एकमेकांना स्पर्श झाला की दोघांच्याही उपरण्यांत उडण्याचे बळ भरते, इतकेच. तीच माणसे मग एकमेकांसाठी थांबू लागली. दुष्टपणा म्हणून आपण ज्याची निर्भर्त्सना करतो, त्यातला बराचसा भाग केवळ कुतूहलाचा असतो का? ढकलले तर काय होते, हे पाहायचे असते. आणि जवळ गेल्याने त्याहून अधिक काही घडते हे कळले की हात आपसूक वळतो. मनुष्यस्वभावाविषयी यापेक्षा अधिक आशावादी होण्याची माझी तयारी नाही, पण एवढे मला पुरते.

‘डोटा’त सामना संपल्यावर खेळाडूंनी एकमेकांची वाखाणणी करण्याची प्रथा आहे, आणि एके काळी तिचे चार प्रकार होते: स्नेह, नेतृत्व, शिकवणूक आणि क्षमा. नेमबाजीला, चपळाईला त्यांत जागा नव्हती, ती आकड्यांत दिसतच असते. शिव्यांची लाखोली वाहून झालेल्या सामन्याअखेर कुणी अनामिक माणूस माउस नेऊन ‘क्षमाशील’ या शब्दावर टिचकी मारी, हे मला फार विलक्षण वाटते. कारण असा अभिप्राय द्यायचा, तर आपल्या हातून काहीतरी चुकले होते आणि ते कुणीतरी बोलून दाखवले नाही, हे आधी स्वतःशी कबूल करावे लागते.