स्थळाचा शोध आणि अर्थाचा आरोप

एखाद्या स्थळाचे पावित्र्य कवीला तेथे गवसते, की आपल्या अंतःकरणातील पावित्र्य तो त्या स्थळावर आरोपित करतो, हा स्थळ-काव्याच्या अर्थनिर्णयातील मूलभूत प्रश्न होय. आणि त्याच्या विचारास साईबाबांच्या वास्तव्याने तीर्थ ठरलेल्या, अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डीइतके उचित स्थळ क्वचितच आढळेल. कवीला सहज स्फुरण द्यावे अशी निसर्गशोभा या गावाच्या वाट्याला आलेली नाही. गोदावरी काही कोस दूर, कोपरगावावरून वाहते. गावात होते ते एक कडुनिंबाचे झाड, एक पडकी मशीद आणि चावडी.

पोलीस खात्यातील शिपाईगिरी सोडून कीर्तनाला वाहून घेतलेले दासगणू हे पंढरीच्या विठ्ठलाचे निष्ठावंत भक्त. त्यांनी आपल्या आरतीत शिर्डीलाच पंढरपूर मानले. दोरीवर सर्प भासावा तसा हा अध्यासच नव्हे काय, असे वेदान्ताचा अभ्यासक विचारील, आणि ही शंका उडवून लावण्याजोगी नाही. मात्र दासगणूंनी शिर्डीत नसलेली नदी कल्पनेने वाहविली नाही. शुद्ध भक्तीला त्यांनी चंद्रभागा म्हटले, भावाला पुंडलिकाचे स्थान दिले. गावाचे उणेपण न झाकता त्या उणेपणातच त्यांना तीर्थाचे मर्म उमगले.

गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजेच हेमाडपंत, यांचा अनुभव याहूनही बोलका आहे. मॅजिस्ट्रेटच्या हुद्द्यावरचा, साक्षीपुरावा तोलण्याची सवय जडलेला हा गृहस्थ 1910 साली शिर्डीस आला, आणि त्याच्या दृष्टीस पडले ते एक जाते. मशिदीत पोते अंथरून साईबाबांनी त्यावर जाते मांडले होते. कफनीच्या बाह्या सारून, सुपातले गहू मुठीमुठीने वैरीत ते दळीत होते. गावच्या बायांनी पुढे होऊन खुंटा हाती घेतला, ओव्या म्हणत दळण संपविले आणि पीठ वाटून घेऊ लागल्या, तोच बाबा रागावले व ते पीठ शिवेवर नेऊन टाकण्यास त्यांनी फर्माविले. गहू नव्हे, गावावरची महामारीच दळली गेली, असा उलगडा गावकऱ्यांनी केला. ‘श्रीसाईसच्चरित’ या ओवीबद्ध ग्रंथाची प्रेरणा या प्रसंगात आहे. पुढे कर्माची खालची तळी, भक्तीची वरची तळी आणि ज्ञानाचा खुंटा असा अर्थ ग्रंथकाराने लावला; पण गहू, सूप, पीठ आणि शीव यांतील एकही वस्तू त्या अर्थाने पुसली गेली नाही.

अध्यास आणि शोध यांतील भेद मला येथेच दिसतो. सर्प दिसू लागला की दोरी दिसेनाशी होते. खऱ्या शोधात मात्र अर्थ जसजसा उजळतो तसतशी वस्तूही अधिक स्पष्ट होते. म्हणून निसर्गाचे वा स्थळाचे काव्य वाचताना कवीला काय दिव्य दिसले हे विचारण्यापूर्वी, समोरचे झाड, ओढा वा जाते त्याला नीट दिसले होते काय, हे विचारावे. ज्याला ते दिसले नाही त्याच्या दिव्यदर्शनावर विश्वास ठेवण्यास मी तयार नाही. शिर्डीस जाणाऱ्या यात्रेकरूलाही हीच कसोटी लागू पडते, कारण तेथून परतल्यावर स्वतःच्या गावची चावडी आणि स्वतःच्या घरचे दळण ज्याला अधिक आदराने पाहता येईल, त्याचीच यात्रा शोध म्हणण्यास पात्र आहे.